चार शिरा, चार मिनिटे आणि त्याआधीचे वर्ष

हृदयावरचा एक उपचार असा आहे, की तो चालू असताना कॅथलॅबमधला एक जण रुग्णाच्या उजव्या बरगड्यांखाली तळहात टेकवून उभा असतो. बाकीच्यांच्या नजरा पडद्यावर खिळलेल्या असतात. याचे सगळे लक्ष हाताखाली. मानेकडून हृदयात येणाऱ्या मोठ्या शिरेत एक बारीक तार ठेवलेली असते. तिच्यातून श्वासपटलाच्या नसेला ठरावीक अंतराने विजेचा हलका धक्का देतात आणि दर धक्क्याला रुग्णाचे पोट उचकी लागल्यासारखे उडते. त्याच वेळी आत, हृदयाच्या डाव्या वरच्या कप्प्यात, एक फुगा उणे ४० अंशांच्याही खाली गेलेला असतो. पोटाची ती उडी जरा मंदावली, की हात ठेवणारा मोठ्याने सांगतो आणि गोठवणे तिथल्या तिथे थांबते. एवढ्या यंत्रांच्या गर्दीत ही जबाबदारी अजून माणसाच्या तळहाताकडेच आहे.

या उपचाराचे नाव क्रायोबलून अ‍ॅब्लेशन. हृदयाची बिघडलेली लय परत जागेवर येईना, तर बिघाड जिथून सुरू होतो त्या जागेभोवतीचा स्नायू गोठवून कायमचा निकामी करायचा, असे त्याचे सूत्र आहे. भारतात हा फुगा २०२१ पासून मिळू लागला. मुंबई, ठाणे आणि नवी मुंबई या तिन्ही ठिकाणची मोठी रुग्णालये आपल्या शीळफाटा-कल्याण-डोंबिवली पट्ट्याच्या टप्प्यात आहेत. त्यामुळे घरात कोणाला ‘एएफ’ निघाले, की ‘आता गोठवून बरे करतात म्हणे’ असे सांगणारा कोणीतरी भेटतोच. सांगणारा चुकत नाही. उपचार खरा आहे, कसोटीला उतरलेला आहे. मात्र त्याचा निम्मा गुण फुग्यात आहे आणि निम्मा रुग्ण त्या टेबलापर्यंत केव्हा पोचला यात. या दुसऱ्या निम्म्याबद्दल आपल्याकडे फारच कमी बोलले जाते, म्हणून हा लेखनप्रपंच.

निरोगी हृदयात प्रत्येक ठोक्याची ठिणगी उजव्या वरच्या कप्प्यातल्या एकाच ठिकाणी पडते, तिथून ती खाली उतरते आणि सगळे हृदय एका तालात आकुंचन पावते. दिवसाकाठी सुमारे एक लाख वेळा हे घडते. एट्रियल फिब्रिलेशनमध्ये, म्हणजे डॉक्टर ज्याला थोडक्यात एएफ म्हणतात त्यात, वरच्या दोन कप्प्यांतली ही शिस्तच मोडते. शाळेच्या पुस्तकात आपण ज्यांना अलिंद म्हणून शिकलो ते हे कप्पे मिनिटाला ३५० ते ६०० वेळा नुसते थरथरत राहतात. खालच्या कप्प्यांनी तेवढे ठोके घ्यायचे ठरवले तर माणूस जगणारच नाही. मध्ये एक गाठ असते, ती बहुतेक ठोके अडवते आणि थोडेच पुढे सोडते.

शीळफाट्याच्या परिसरात रोज संध्याकाळी जाणाऱ्याला हे वेगळे समजावून सांगायला नको. मुंब्रा, पनवेल, कल्याण आणि महापे अशा चारही बाजूंनी कंटेनर, टँकर, बस, रिक्षा एकदम पुढे सरकतात आणि मधला वाहतूक पोलीस जमेल तशी एकेक रांग सोडतो. गाड्या सुटतात, पण कधी दोन सेकंदांनी, कधी दहा सेकंदांनी, आणि पुढची केव्हा सुटेल याचा अंदाज बांधता येत नाही. एएफच्या रुग्णाची नाडी हाताला तशीच लागते. कोणाला छातीत पाखरू फडफडल्यासारखे वाटते, कोणाला रेल्वेचा पूल चढताना दम लागतो, कोणी म्हणतो, ‘हल्ली लवकर थकायला होतं.’ कित्येकांना काहीच जाणवत नाही.

जाणवत नाही म्हणून धोका नाही, असे मात्र नाही. थरथरणाऱ्या कप्प्यातून रक्त पुरते बाहेर पडत नाही, ते रेंगाळते. डाव्या अलिंदाला अंगठ्याएवढी एक पिशवी चिकटलेली असते. रेंगाळलेल्या रक्ताची गुठळी बहुतेक वेळा तिथेच धरते आणि सुटली तर थेट मेंदूकडे जाऊ शकते. अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम गावात पिढ्यान्‌पिढ्या चाललेल्या अभ्यासाने दाखवले, की एएफ असलेल्याला पक्षाघाताचा धोका सुमारे पाच पट असतो आणि झडपेचा संधिवाती आजार सोबत असेल तर तो १७ पटींच्या घरात जातो. म्हणून धडधड थांबवणे हा उपचाराचा एक भाग झाला. गुठळी होऊ न देणे हा दुसरा, आणि आमच्या मते पहिल्याइतकाच मोठा.

आता ‘केव्हा’ हा प्रश्न. एएफ आपोआप येऊन आठवडाभरात आपोआप जाते तेव्हा ते अधूनमधून येणारे. सात दिवसांहून जास्त सलग टिकले की ते टिकून राहणारे, आणि सलग एक वर्ष उलटले की दीर्घकाळ टिकलेले. वर्गवारी कागदी वाटेल, पण तिच्यामागे हृदयात घडणारा खराखुरा बदल आहे. नेदरलँड्समधल्या मास्ट्रिख्ट इथे मॉरिट्स अ‍ॅलेसी आणि सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये शेळ्यांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. शेळ्यांच्या हृदयात यंत्राने वारंवार एएफ सुरू केले जात होते. सुरुवातीला ते काही सेकंदांत आपसूक थांबे. काही आठवड्यांनी त्याच शेळ्यांमध्ये ते थांबेनासे झाले, चोवीस तासांहून जास्त टिकू लागले. एएफच एएफला मुरवते, असा त्याचा अर्थ. कप्पा ताणला जातो, मोठा होतो, स्नायूंच्या मध्ये तंतू माजतात. मग बिघाड सुरू करणारी मूळ जागा बंद केली तरी कप्पा स्वतःच्या बळावर थरथरत राहू शकतो.

ती मूळ जागा सापडली १९९८ मध्ये. फ्रान्समधल्या बोर्दो इथल्या मिशेल हायसगेर आणि सहकाऱ्यांनी ४५ रुग्णांच्या हृदयात तारा घालून, एएफ सुरू करणारे चुकार ठोके कुठून उठतात ते पाहिले. सापडलेल्या ६९ जागांपैकी ६५, म्हणजे ९४ टक्के, फुप्फुसांतून शुद्ध रक्त आणणाऱ्या शिरांत होत्या. बहुतेकांच्या हृदयात अशा चार शिरा डाव्या अलिंदात उघडतात आणि हृदयाचा स्नायू त्यांच्या तोंडाशी बाहीसारखा थोडा आत गेलेला असतो. ठिणग्या उडतात त्या बाहीत. चारही तोंडांभोवती विजेला ओलांडता येणार नाही असे कडे घातले, की आत कितीही ठिणग्या उडोत, कप्प्यापर्यंत पोचत नाहीत. त्याआधी १९८७ मध्ये अमेरिकेत जेम्स कॉक्स यांनी छाती उघडून कप्प्यावर छेदांचा चक्रव्यूह घालण्याची शस्त्रक्रिया केली होती. पुढे त्या छेदांच्या जागी गोठवणारी सळई आली. हृदयावर थंडीचा वापर असा आधी शस्त्रक्रियागृहात रुळला, फुगा त्यानंतरचा.

कडे घालायला उष्णताही चालते. बारीक तारेच्या टोकाने रेडिओलहरींची ऊर्जा देऊन एकेक ठिपका भाजायचा आणि ठिपक्याला ठिपका जोडत वर्तुळ पुरे करायचे. दोन ठिपक्यांत फट राहिली तर वीज तिथून निसटते. गोठवण्याच्या पद्धतीत वर्तुळ एकाच दाबात उठते. जांघेतल्या शिरेतून नळी वर नेतात, हृदयाच्या दोन वरच्या कप्प्यांमधल्या पडद्याला सुईने छिद्र पाडून ती डावीकडे सरकवतात आणि मिटलेला फुगा बाहेर काढून फुगवतात. फुगलेला फुगा साधारण २८ मिलिमीटरचा, म्हणजे लग्नात वाटतात त्या पेढ्याएवढा. तो शिरेच्या तोंडात बुचासारखा बसवतात. नीट बसला का हे पाहायला पुढे थोडा रंग सोडतात. रंग शिरेतच अडकून राहिला तर बूच घट्ट, वाहून गेला तर बाजूने फट आहे.

मग फुग्यात नायट्रस ऑक्साईड सोडतात. भूल देताना वापरतात तोच वायू. दाबाखाली द्रवरूपात आलेला तो फुग्यात मोकळा होताच वायू होतो आणि त्यासाठी लागणारी उष्णता भोवतालच्या स्नायूतून ओढून घेतो. माठातले पाणी बाहेर पाझरून उडते आणि आतले गार होते, ते याच नियमाने. शिरेच्या तोंडाशी फुगा गोठून चिकटतो, त्यामुळे धडधडत्या हृदयातही तो हलत नाही. पेशींच्या आत-बाहेर बर्फाचे स्फटिक धरतात, बारीक रक्तवाहिन्या मरतात, आणि पुढच्या आठवड्यांत तिथे वीज न वाहणारा व्रण तयार होतो. एका शिरेला एका वेळी तीन ते चार मिनिटे पुरतात. उजवीकडच्या शिरांजवळून श्वासपटलाची नस जाते, तिला थंडी लागली तर श्वासपटलाची ती बाजू लुळी पडते. सुरुवातीला सांगितलेला तळहात त्यासाठी. थंडीचा एक मोठा गुण असा, की वेळेवर थांबवले तर नस बहुतेकदा सावरते.

उपयोग किती होतो? इथे जाहिरात आणि औषधशास्त्र यांच्या वाटा वेगळ्या होतात, म्हणून आकडे नीट पाहिले पाहिजेत.

अधूनमधून येणाऱ्या एएफसाठी २०१६ मध्ये ‘फायर अँड आइस’ या युरोपीय चाचणीत सातशेहून जास्त रुग्णांत भाजणे आणि गोठवणे यांची थेट तुलना झाली. निकाल बरोबरीचा लागला. गोठवलेल्यांपैकी २.७ टक्के रुग्णांत श्वासपटलाच्या नसेला इजा झाली होती, वर्षभरानंतरही ती राहिली असे रुग्ण ०.३ टक्के होते. कॅनडात ‘अर्ली-एएफ’ चाचणीत ३०३ रुग्णांना औषधे किंवा थेट क्रायोबलून असे चिठ्ठ्या टाकून वाटले गेले. वर्षभरात लय पुन्हा बिघडल्याचे औषधांवरच्या ६७.८ टक्के आणि फुग्याच्या ४२.९ टक्के रुग्णांत दिसले. तीन वर्षांनी त्याच रुग्णांकडे पुन्हा पाहिले, तेव्हा एएफ टिकाऊ झालेले औषधांच्या गटात ७.४ टक्के, तर फुग्याच्या गटात १.९ टक्केच होते. लवकर केलेला उपचार फक्त धडधड थांबवत नाही, आजाराची चालही मंद करतो, असा आम्ही याचा अर्थ घेतो.

टिकून राहणाऱ्या एएफची गोष्ट जास्त कठीण आहे. ‘स्टॉप पर्सिस्टंट एएफ’ चाचणीत १६५ रुग्ण होते आणि त्यांचे एएफ सलग टिकल्याला सहा महिने झालेले नव्हते. वर्षअखेर लय शाबूत राहिली ५४.८ टक्के रुग्णांत. या चाचणीनंतर अमेरिकेच्या औषध नियामकाने २०२० मध्ये टिकून राहणाऱ्या एएफसाठीही या फुग्याला मान्यता दिली. शंभरातल्या पंचावन्न हा आकडा ऐकून कोणी नाउमेद होईल. इथे मोजमापाचा भाग लक्षात घ्यायला हवा: अशा चाचण्यांत वर्षभरात नुसता अर्धा मिनिट एएफ सापडले तरी तो रुग्ण अपयशाच्या खात्यात जातो. आधी महिनोन्‌महिने सलग एएफमध्ये असलेला माणूस आता तीन महिन्यांत एकदा पाच मिनिटे धडधडतो आणि जिना न थांबता चढतो, तर त्याच्या घरचे त्याला बरा झाला असेच म्हणणार. तरीही कोणी रुग्णालय शंभर टक्के खात्री देत असेल तर तिथून उठून दुसरे मत घ्यावे. दुसऱ्यांदा उपचार करावा लागणे यात नवल नाही, आणि तो खर्च आधीच धरून चालले पाहिजे.

टिकलेल्या एएफसाठी चार शिरांच्या पलीकडे जाऊन कप्प्यात आणखी रेघा मारल्या तर जास्त गुण येईल, असे बराच काळ वाटत होते. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘स्टार एएफ २’ चाचणीने, ५८९ रुग्णांवर, तो समज खोटा ठरवला. फक्त शिरा बंद केलेल्यांचा निकाल जास्तीच्या रेघा मारलेल्यांपेक्षा कमी भरला नाही. जास्त जाळले, जास्त गोठवले म्हणून जास्त बरे होत नाही. रुग्णाच्या नातेवाइकांनी हे ठाऊक ठेवावे; ‘मोठी प्रोसिजर’ म्हणजे चांगली प्रोसिजर, ही समजूत आपल्याकडे फार घट्ट आहे.

फुग्याला आता प्रतिस्पर्धीही आला आहे. विजेचे अतिसूक्ष्म काळाचे जोरदार झटके देऊन पेशींच्या भिंतींना भोके पाडायची पल्स्ड फील्ड पद्धत अमेरिकेत २०२३ च्या अखेरीस मान्य झाली आणि आपल्याकडच्या मोठ्या रुग्णालयांतही ती येऊ लागली आहे. स्वित्झर्लंडमधून २०२५ मध्ये आलेल्या एका तुलनेत, अधूनमधून येणाऱ्या एएफच्या २१० रुग्णांत, वर्षभरात लय पुन्हा बिघडली ती फुग्याच्या गटात ५०.७ टक्के आणि नव्या पद्धतीत ३७.१ टक्के. म्हणजे दहा वर्षांनी गोठवणे मागे पडलेले असू शकते. त्याने आजच्या रुग्णाचे फारसे अडत नाही. यंत्र कोणते यापेक्षा ते हाताळणाऱ्याने किती रुग्ण केले आहेत, हे विचारणे जास्त कामाचे.

यापुढचा मुद्दा खास आपला आहे. पाश्चात्त्य देशांत एएफ हा मुख्यतः सत्तरीतल्यांचा आजार. इंडियन हार्ट ऱ्हिदम सोसायटीने देशभरातल्या दीड हजारांहून जास्त रुग्णांची नोंद केली, तेव्हा सरासरी वय पंचावन्नच्या आसपास निघाले आणि निम्म्याच्या जवळपास रुग्णांत मूळ कारण संधिवाती हृदयरोग होते. लहानपणी घसा सुजतो, सांधे धरतात, ताप येतो-जातो. घर दाटीचे आणि पेनिसिलिन वेळेवर मिळालेले नसते, आणि पुढे तिशी-चाळिशीत हृदयाची मायट्रल झडप अरुंद झालेली सापडते. मुंब्रा, दिवा, शीळ-डायघर भागातल्या चाळींत वाढलेल्या पिढ्यांना हा आजार परका नाही. अशा रुग्णाला, बहुतेकदा ती बाई असते आणि आजार बाळंतपणात प्रथम समजतो, क्रायोबलूनचे माहितीपत्रक दाखवून उपयोग नाही. तिची झडप आधी. झडपेची शस्त्रक्रिया करावीच लागली तर त्याच वेळी सर्जन गोठवणाऱ्या सळईने कप्प्यावर रेघा मारू शकतो. ते तिच्या सोयीचे असते.

या रुग्णांची लय परत आणायचा खटाटोप करावा का, असाही प्रश्न होता. अमित वोरा, यश लोखंडवाला आणि त्यांच्या मुंबईतल्या सहकाऱ्यांनी संधिवाती एएफच्या १४४ रुग्णांवर चाचणी करून २००४ मध्ये ‘इंडियन हार्ट जर्नल’मध्ये उत्तर दिले: लय परत आणलेल्यांची श्रम करण्याची ताकद आणि जगण्याची प्रत सुधारली. आपल्या शहरात, आपल्या रुग्णांवर झालेले हे काम आहे आणि त्याचा उल्लेख परदेशी चाचण्यांच्या गर्दीत हरवू नये असे आम्हाला मनापासून वाटते. गोळ्यांच्या बाबतीतही या रुग्णांचे गणित वेगळे आहे. रक्त पातळ करणाऱ्या नव्या गोळ्या इतरांना चालतात. झडप अरुंद असलेल्यांसाठी मात्र २०२२ च्या ‘इन्व्हिक्टस’ चाचणीत जुनी, तपासणी लागणारी गोळीच सरस ठरली. एसिट्रॉम ही अशीच जुनी गोळी; ती घेणाऱ्याला म्हणूनच रक्त किती पातळ झाले हे मोजणाऱ्या पीटी-आयएनआर तपासणीसाठी पुन्हा पुन्हा रक्त द्यावे लागते. शेजारी कोणी ‘माझ्या गोळीला तपासणी लागत नाही’ म्हणाले म्हणून अशा रुग्णाने गोळी बदलू नये. पालेभाजीही बंद करू नये. मेथी, पालक, अळू रोज साधारण सारख्या मापात खावे. एक आठवडा रोज आणि दुसऱ्या आठवड्यात अजिबात नाही, यानेच आकडा हलतो. अंगदुखीची गोळी दुकानातून परस्पर घेणे तर कटाक्षाने टाळावे, त्यातून रक्तस्राव होऊ शकतो.

आता रस्त्याकडे येऊ. पक्षाघाताच्या रुग्णाला गुठळी विरघळवणारे इंजेक्शन लक्षणे सुरू झाल्यापासून साडेचार तासांत द्यावे लागते, आणि त्याआधी मेंदूचा सीटी स्कॅन व्हायला हवा. कटाई नाक्यावर किंवा देसाई गावाजवळ संध्याकाळी सातला कोणाचा हात लुळा पडला, तर १०८ ची रुग्णवाहिका येणे, कल्याण-शीळ रस्त्यावरची कोंडी ओलांडणे, स्कॅन असलेले आणि चालू असलेले ठिकाण गाठणे, या सगळ्यात किती वेळ जाईल हे इथे राहणाऱ्याला विचारा. मेट्रोची आणि उड्डाणपुलांची कामे संपतील तेव्हा संपतील. ज्या रस्त्यावर वेळेत पोचण्याची हमी नाही, तिथे पक्षाघात होऊच न देणे हे इतर कुठल्याही ठिकाणापेक्षा मोलाचे आहे. त्यासाठी एएफ आधी सापडले पाहिजे.

ते शोधायला कॅथलॅब लागत नाही. तीन बोटे मनगटावर, अंगठ्याच्या मुळाशी, आणि घड्याळाकडे बघत अर्धा मिनिट. ताल सारखा लागला नाही तर पूर्ण मिनिट. तरीही तो विस्कटलेला लागला तर ईसीजी. रक्तदाबाचे स्वयंचलित यंत्र पुन्हा पुन्हा ‘एरर’ दाखवते किंवा दर वेळी वेगळाच आकडा देते, तेव्हा यंत्र बिघडले असे समजून आपण ते बदलतो. कधी कधी बिघडलेली असते ती नाडी. ठाणे आणि कल्याण-डोंबिवली या दोन्ही महापालिकांच्या आरोग्य केंद्रांत, आपला दवाखान्यांत, आशाताईंच्या घरभेटींत रक्तदाब आणि साखर तपासली जाते. त्याच खुर्चीवर, त्याच पट्ट्याबरोबर पासष्टीपुढच्या प्रत्येकाची, आणि मधुमेह, रक्तदाब किंवा जुना झडपेचा आजार असलेल्या प्रत्येकाची नाडी अर्धा मिनिट हाताने पाहावी आणि कार्डावर ‘नियमित’ किंवा ‘अनियमित’ एवढा एक शब्द लिहावा, अशी आमची दोन्ही महापालिकांच्या आरोग्य विभागांकडे स्पष्ट मागणी आहे. याला पैसा लागत नाही. लागतो तो ‘अनियमित’ लिहिल्यावर पुढे काय, याचा ठरलेला रस्ता: ईसीजी त्याच दिवशी व्हावा, आणि कळव्याचे छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय, डोंबिवलीचे शास्त्रीनगर, कल्याणचे रुक्मिणीबाई इथल्या फिजिशियनकडे ठरलेल्या वाराला तो रुग्ण पोचावा. कार्डिऑलॉजिस्ट लागला तर केईएम, शीव आणि नायर आहेतच.

खर्चाचे काय? क्रायोबलून एकदाच वापरायचा असतो आणि सगळा उपचार काही लाखांत जातो. महात्मा फुले जन आरोग्य योजनेचे कवच आता कुटुंबाला ५ लाख रुपयांपर्यंत आहे; पण योजनेत नेमक्या कोणत्या पद्धतीचे अ‍ॅब्लेशन, कोणत्या रुग्णालयात बसते, हे दाखल होण्याआधी तिथल्या आरोग्यमित्राकडून लेखी समजून घ्यावे. खासगी विमा असेल तर नव्या उपचारपद्धतींवरची मर्यादा पाहावी. आणि पैशाची सोय होईपर्यंत उपचार थांबला असे मानू नये, कारण रक्त पातळ करणारी गोळी, ठोक्यांचा वेग आवरणारी गोळी आणि रक्तदाबावर ताबा हे आजच्या आज सुरू होते. युरोपात २,७८९ रुग्णांवर झालेल्या ‘ईस्ट-एएफनेट ४’ या चाचणीत, निदान होऊन वर्ष उलटायच्या आत लय सांभाळायला घेतलेल्यांमध्ये हृदयविकाराने होणारे मृत्यू आणि पक्षाघात कमी झाले. त्यातल्या बहुतेकांवर अ‍ॅब्लेशन झालेले नव्हते, औषधेच होती. वर्षाच्या आत, हे शब्द महत्त्वाचे.

अ‍ॅब्लेशन यशस्वी झाले म्हणून गोळ्या बंद, हा आणखी एक धोकादायक गैरसमज. पहिले दोन-तीन महिने व्रण भरत असताना हृदय चिडलेले असते. त्या काळात धडधड परतली तर उपचार फसला असे नव्हे. रक्त पातळ करणारी गोळी त्या काळात चुकवायची नाहीच. पुढे ती चालू ठेवायची की नाही हे वय, रक्तदाब, मधुमेह, आधी झालेला पक्षाघात यांवरून ठरते. ठोका तालात आला एवढ्यावरून नाही.

वजनाचा मुद्दा सल्ल्यासारखा वाटेल, पण तो उपचाराचाच भाग आहे. ऑस्ट्रेलियात अ‍ॅडलेड इथे राजीव पाठक, प्रशांतन सँडर्स आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये दाखवले, की वजन दहा टक्क्यांनी उतरवून ते टिकवणाऱ्या स्थूल रुग्णांत लय शाबूत राहण्याची शक्यता सहा पट झाली. घोरताना श्वास अडकणे, दारू, न आवरलेला रक्तदाब हे सगळे त्याच कप्प्याला ताणतात. महापे किंवा तळोज्यातली रात्रपाळी, येता-जाता तीन तास बसमध्ये आणि रात्री अकराला जेवण, अशा दिनक्रमात हे कसे जमवायचे याचे सोपे उत्तर आमच्याकडे नाही. निदान झोपेत घोरणे आणि मध्येच श्वास अडकणे घरच्यांनी डॉक्टरांना सांगावे. रुग्ण स्वतः ते सांगू शकत नाही, त्याला ते माहीतच नसते.

शेवटी एका कागदाविषयी. एएफ ज्यात प्रथम पकडले गेले तो ईसीजी, तारखेसह, हा या आजारातला सगळ्यात किमती दस्तऐवज असतो. गोठवायचे की नाही हे ठरवताना तज्ज्ञ कप्प्याचे माप सोनोग्राफीत पाहतो, झडपा पाहतो, आणि मग विचारतो, ‘हे कधीपासून आहे?’ सहा महिने आणि तीन वर्षे या दोन उत्तरांनी सल्ला बदलतो. ‘बरेच दिवस झाले’ या उत्तराने त्याला काहीच कळत नाही. गल्लीतल्या दवाखान्यात काढलेली ईसीजीची गुलाबी पट्टी बहुधा उष्णतेने उमटणाऱ्या कागदावर असते; उन्हात, प्लॅस्टिकच्या पिशवीत, देवघराच्या फळीवर राहिली तर काही महिन्यांत तिच्यावरची रेघ पुसट होत जाते आणि तारीखही. मिळाली त्याच दिवशी तिची झेरॉक्स काढावी, मोबाइलमध्ये फोटो घ्यावा आणि झेरॉक्सवर पेनाने तारीख पुन्हा लिहून ती फाइलमध्ये सगळ्यात वर लावावी.